दुपारचा सराफा

फॉर्म बारा पानांचा होता.
भरायला माझ्याकडे आला,
कारण घरात अक्षर माझंच बरं.
निषाद श्रीरंग मुळ्ये. वय नऊ.
लोकमान्य नगर, इंदूर.

कपड्यातली चिठ्ठी मानेला टोचते का?
दोघं एकदम बोलू लागले तर?
नेहमीचा रस्ता बदलला तर?
कधीकधी, बहुधा, नेहमी.
नेहमी, नेहमी, नेहमी,
मी खुणा करत गेले.
सातव्या पानावर वहिनी वाकून म्हणाली,
अहो वन्सं, त्याला कुठे टोचतात चिठ्ठ्या?

माझा डावा हात
माझ्याच मानेमागे होता,
जिथे एकावन्न वर्षं
कापलेल्या चिठ्ठ्यांचे
उरतात दोन-दोन दोरे.

तोवर मला शब्द होते, घरचेच.
घुमी. एककल्ली. माणूसघाणी.
पाहुण्यांसमोर जरा हळू आवाजात :
ही ना, जरा तशीच.
त्या ‘जरा’ आणि ‘तशीच’च्या मधल्या जागेत
मी राहत आले,
वेळच्या वेळी भाडं भरून.

बघायला आले होते एकदा, देवासहून.
मुलगा म्हणाला, तुम्हाला काही विचारायचंय?
होतं. विचारलं :
तुमच्या घरातलं घड्याळ टिकटिकतं का?
सगळे गप्प झाले. पोहे संपवले, मग उठले.
माळव्यातली माणसं. पोहे टाकत नाहीत.

बँकेत मात्र अठ्ठावीस वर्षं
एका रुपयाचा फरक दिसला
की मला रात्री झोप नाही.
तिथे त्याला म्हणायचे, चोख.

निषादला मी सराफ्यात नेते,
दुपारी तीन वाजता.
रात्रीचा सराफा साऱ्या गावाला ठाऊक आहे,
ते तवे, ते दिवे, भुट्ट्याचा कीस,
खांद्याला घासत जाणारे अनोळखी खांदे.
आम्ही दोघं दुपारचे.
तेव्हा गल्लीत पाट्या वाचता येतात.
तो वाचतो. डावीकडच्या आधी, मग उजवीकडच्या,
आणि एखादी रंगवून नवी केली असेल
तर तिच्यापाशी थांबून
तिला माफ करायला त्याला वेळ लागतो.

बाबूलाल सोनींच्या दुकानात जुना काटा आहे,
काचेच्या पेटीत.
सोनीजी कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत,
त्यांच्या एका डोळ्यात भिंग असतं.
निषादही बघत नाही. दोघांचं जमतं.
“सांस रोक, बेटा.”
तो श्वास धरतो. सोनीजी धरतात.
नथ विकायला आलेली बाई धरते.
काटा थरथरतो,
थरथरतो,
थांबतो.

इतक्या वर्षांत त्या काट्याला
कुणी म्हणालं नाही,
एवढं काय मनाला लावून घेतोस.
कुणी म्हणालं नाही,
बाकीचे तराजू बघ, कांदे-बटाट्याचे,
कसे रस्त्यावर बसतात.
झुळकीनं हलतो, म्हणून त्याला पेटी दिली.
एवढंच.

माझ्यासमोर निषादचे निळे हेडफोन
त्याच्या गळ्यात लोंबत होते.
मला कुणी दिले नव्हते.
याचं मला वाईट वाटलं का?
कधीकधी. बहुधा.
या रकान्यात अजून खूण केलेली नाही.

परवा तो म्हणाला,
रात्रीचा कुठून सुरू होतो, ते बघायचंय.
आम्ही पावणेआठला जाऊन उभे राहिलो,
एका बंद होत्या दुकानाच्या पायरीवर.
शटर खाली येत होती, एकेक, खडखडत.
त्याने कान झाकले. मीही झाकले,
भर बाजारात, पहिल्यांदा,
एकावन्न वर्षांची बाई.
कुणी बघितलं असेल. बघो.
ज्या ओट्यावर मघाशी सोनं तोललं
त्याच ओट्यापुढे कुणी शेगडी मांडली,
कुणी गराडूची परात.
भांडण नाही, उंबरठा नाही.
गल्ली तीच.

चार मिनिटं झाली.
तो म्हणाला, बास.
मी म्हटलं, बास.

रिक्षात बराच वेळ काही नाही.
मग राजवाडा मागे पडल्यावर,
खिडकीच्या बाजूला तोंड करून :
उद्या नको.
गुरुवारी. पाच मिनिटं.